चिठ्ठीत निघालेले चार

क्षेपणास्त्रांच्या कोठारात तिला सगळे चिठ्ठीबाई म्हणत. नाव वर्कशॉपवाल्यांनी ठेवलेलं, आणि ते काही लाडाने ठेवलेलं नव्हतं. वर्षातून दोनदा ती लिमलेटच्या गोळ्यांचा एक जुना पत्र्याचा डबा काखेत मारून यायची. डब्यात एकेका क्षेपणास्त्राच्या नंबराची एकेक चिठ्ठी. डोळे मिटून बारा काढायच्या आणि ज्यांचे नंबर निघतील ती बारा समुद्रात नेऊन डागायची, असा नियम. तो नियम तिनेच भांडून लिहून घेतला होता. आमचा नंबर लागला तर बंगला मिळेल का, असं वर्कशॉपवाले विचारत. ती म्हणायची, तुमचा नाही लागला तरच बरं. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत निवडून घ्यायचं नसतं, एवढंच तिचं शास्त्र.

या खेपेला बारापैकी बारा नेमकी निशाण्यावर लागली. मोठ्या साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, भरवशाचा दाखला उद्या दुपारी चारपर्यंत टेबलावर हवा. परवा जहाज निघणार. जहाजावर याच जातीची आठ क्षेपणास्त्रं, दोन वर्षांपासून हवाबंद नळकांड्यांत झोपलेली. आणि त्या जहाजावर शस्त्रांची अधिकारी होती तिची भाची, दादाची एकुलती एक. दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, वर्कशॉपचा फोरमन.

दाखल्यावर नंबर लिहायचे म्हणून तिने आपली यादी आणि डागणाऱ्यांची यादी शेजारी शेजारी ठेवली. आठ नंबर जुळले, चार जुळेनात. तिने चष्मा पुसला. चष्म्याचा काही दोष नव्हता. चिठ्ठीत निघालेली चार डागलीच नव्हती, त्यांच्या जागी दुसरीच चार गेली होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्कशॉपपर्यंतचा रस्ता पाच मिनिटांचा, तो तिने दोन मिनिटांत कापला.

दादा बाकावर बसून पाना पुसत होता. हा माणूस पानासुद्धा असा पुसायचा की जसं काही तो उद्या शाळेत जाणार आहे. तिने दोन्ही याद्या त्याच्यापुढे आपटल्या. त्याने बघितल्या आणि अगदी सरळ सांगून टाकलं. डागायला जायच्या आधी माल एकदा उघडून बघतो, नेहमीच बघतो. चारांचे पंख उघडत नव्हते. नळकांड्याची रबरी रिंग वाळून चिरली की खारी हवा आत शिरते आणि पंखाची बिजागरी गंजून धरते. मग ती चार बाजूला काढली, शेल्फावरची चांगली चार दिली. बाकीच्या आठांच्याही रिंगा बदलल्या, तेलपाणी केलं. सांगताना त्याच्या आवाजात लाज नव्हती, उलट थोडा अभिमानच होता.

"तीस वर्षांत माझ्या दारातून खराब माल बाहेर गेलेला नाही," तो म्हणाला. "तिकडे सगळ्यांसमोर फुसकन पाण्यात पडलं असतं, तर नाव कोणाचं गेलं असतं? तुझ्या डब्याचं?"

"पडायलाच हवं होतं, दादा."



मग तिने त्याला फाडफाड सुनावलं. शाळेत तपासणीला साहेब येणार म्हणून ढ पोरांना घरी ठेवतात, तसं केलंस तू. आणि उरलेल्यांनाही आदल्या दिवशी पेपर फोडून दिलास. बारापैकी बारा लागली ती क्षेपणास्त्रं चांगली म्हणून नव्हे, तुझे हात चांगले म्हणून. जहाजावरच्या आठांना तुझे हात लागलेत का? दोन वर्षं नळकांडं कोणी उघडलं तरी आहे का?

दादाने पाना खाली ठेवला. तिकडच्या रिंगा नवीन असतील, असं काहीसं पुटपुटला. त्याला निवृत्तीला नऊ महिने होते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ती तशीच मोठ्या साहेबांकडे गेली. साहेब नेहमीप्रमाणे गोड होते. त्यांचं म्हणणं, जी डागलीच नाहीत ती चुकली असं कसं म्हणायचं? तो देखभालीचा भाग झाला, चाचणीचा नव्हे.

"साहेब, परीक्षेला न बसलेल्याला पास म्हणत नाहीत," ती म्हणाली.

साहेब हसले. नंबर लिहिण्यात कारकुनाची चूक झाली असेल, म्हणाले. पंख अडकल्याचा कागद आहे का तुमच्याकडे? नाही ना? मग उद्या चारला तुमची सही नसली तर दुसऱ्या कोणाची तरी असेल. सही काय, करणारा सापडतोच.

कागद फक्त एकच माणूस देऊ शकत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती परत वर्कशॉपमध्ये आली, चिठ्ठ्यांचा डबा घेऊन. दादा एकटाच होता, डबा बघून त्याने तोंड फिरवलं. तिने बाकावर एक कोरा कागद ठेवला आणि त्याच्यादेखत पत्र्याच्या डब्यात मोजून आठ चिठ्ठ्या टाकल्या.

"ही तुझ्या पोरीच्या जहाजावरची आठ. डोळे मीट आणि एक काढ. जी निघेल तिचा पंख उघडेल, असं मला सांग. नुसतं सांग. मी आत्ता सही करते आणि परत हा विषय काढत नाही."

दादाने कुरकुर केली, हे काय पोरखेळ, म्हणाला. तरी हात घातला. ज्या हाताला अंधारातसुद्धा स्क्रूचा आटा कळायचा, तो हात डब्यात चिठ्ठ्या चाचपत राहिला. डोळे मिटलेलेच. हात काही बाहेर येईना. ती घड्याळाकडे बघत उभी होती, आणि तिला त्याची दयाही येत होती आणि त्याच डब्याने त्याला एक ठेवून द्यावीशीही वाटत होती.

"रिंगा एकाच खेपेच्या आहेत," तो शेवटी म्हणाला. "तिच्या आणि त्या चारांच्या. मला माहीत होतं. मी तिकडे बघितलंच नाही."

रिकामा हात बाहेर काढून त्याने पेन मागितलं. चारही नंबर त्याला तोंडपाठ होते. कुठला पंख, किती अंशांवर अडकला, कुठली रिंग बदलली, सगळं त्याने लिहिलं. वळणदार अक्षरात, न खोडता. खाली सही, हुद्दा, तारीख.

चारला पाच मिनिटं कमी असताना तिने दाखला ठेवला: निवडलेली बारा, त्यांत चार निकामी, उरलेली आठ आधीच दुरुस्त केलेली; जहाजावरच्या आठांवर भरवसा ठेवता येत नाही. सोबत दादाचा कागद, आणि त्याची एक प्रत थेट जहाजाच्या कप्तानाला, आधीच पोचवलेली. साहेबांचा गोडवा पहिल्यांदाच आटला.

जहाज बंदरातच अडवलं गेलं. भाचीचा फोन आला, "आत्या, अख्खं जहाज तुला शिव्या घालतंय. मी पण घातल्या थोड्या." आठवड्याने परत आला. म्हणाली, "आठातली तीन अडकलेली." आणि मग आवाज खाली आणून, "बाबांना सांगितलंस?"

त्याला सांगावं लागलंच नाही. नळकांडी धक्क्यावर उतरवून उघडली होती, आणि उघडायला त्यालाच नेलं होतं; जहाजावर नुसता आकडा पोचला होता.

पुढे जे व्हायचं ते झालं. साहेबांनी वर कळवलं की दोष कार्यालयाच्या दक्षतेमुळे उघडकीस आला. दक्ष म्हणून त्यांना बढती मिळाली. दादाची चौकशी लागली, फोरमनपद गेलं. चिठ्ठीबाईच्या वाट्याला एक ओळीचं पत्र आलं, यापुढे कागदपत्रं योग्य मार्गाने पाठवावीत. तिने ते डब्याच्या तळाशी घातलं.

पुढच्या खेपेला बारा नंबर निघाले आणि बारा नळकांडी कोठारातून थेट ट्रकवर चढली. वाटेत वर्कशॉप लागत होतं. दारात दादा उभा होता, हात खिशात घालून. दोघांचं बोलणं अजून धड सुरू झालं नव्हतं.

"त्यातलं तिसरं," तो ट्रककडे बघत म्हणाला, "झाकणापाशी ओल दिसतेय. पडणार बघ."

"पडू दे," ती म्हणाली.

त्याने हात खिशातच ठेवले.