एक्केचाळीस सेकंद

बस चुकली, म्हणून ती धावायला लागली. पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये ती सतरा वर्षं काम करत होती. दिवसभर खाली मान घालून मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवायचा, चिमटीत धरून फिरवून बघायचा, पटला नाही तर काढून पुन्हा बसवायचा. हात सोन्यासारखा, पण मानेचं लाकूड झालेलं. त्यात सकाळी घरातून निघायला रोज दोन मिनिटं उशीर. एके दिवशी डोळ्यांदेखत बस सुटली. पुढच्या थांब्यावर गाठू, म्हणून ती डबा सावरत पळाली, तर तिथूनही सुटली. तिसऱ्या थांब्यावर एकदाची गाठली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "आता कशाला चढताय ताई, दोनच थांबे राहिलेत."

तिला ते पटलं. उरलेले दोन थांबेही ती पळाली, दहा वाजताच डबा संपवला, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मान दुखली नाही.

तीन वर्षांत गावाबाहेरचे डोंगर तिच्या ओळखीचे झाले. रविवारी सकाळी डोंगरवाटांवर पळणारी आठदहा जणांची टोळी होती, तिचा म्होरक्या एक प्लंबर. त्याला सगळे कप्तान म्हणत. वर्षातून एकदा तो एक शर्यत भरवायचा. अठ्ठावीस किलोमीटर, दोन डोंगर, दुसऱ्याच्या चढावर एक खिंड. यंदा तिने त्यात नाव घातलं.

नाव घालणं सोपं असतं, ते निभावायचं घरातल्यांना. नवरा हॉस्पिटलमध्ये नर्स, त्याच्या पाळ्या दर आठवड्याला बदलणाऱ्या. मुलगी दहा वर्षांची, तिची वेणी घालायला कोणीतरी लागायचंच. आणि घरात सासरे होते, एकाहत्तर वर्षांचे. रेल्वेत गार्ड म्हणून चौतीस वर्षं काढलेली. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी डोक्यातली गाडी काही यार्डात गेली नव्हती.

सुनेने नाव घातल्याचं कळलं तसं त्यांनी पट्टी-पेन्सिल घेतली आणि दुपारभर बसून वेळापत्रक आखलं. फ्रिजवर चिकटवलं. "४.५० सुटेल. ६.२० पोचेल. ६.४० नातीची वेणी. ७.०५ डबे." नवऱ्याच्या प्रत्येक पाळीसाठी वेगळा तक्ता. रविवारच्या लांब पल्ल्याला "विशेष गाडी" असं नाव. खाली बारीक अक्षरात टीप : "वेणीची जबाबदारी अपवादात्मक परिस्थितीत आजोबा घेतील."

"बाबा, तुम्हाला वेणी येते?" तिने विचारलं.

"दोर वळता येतो. त्यात काय फरक आहे?"

फरक होता, आणि तो नातीच्या डोक्यावर दोन महिने दिसत राहिला. शाळेत मैत्रिणींनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, आमच्याकडे अपवादात्मक परिस्थिती चालू आहे.

असं सगळ्यांनी मिळून ओढत गाडं चाललं होतं. चिखलाचे बूट बाल्कनीत वाळत, नवरा रात्रपाळीहून येऊन भाजी चिरून ठेवी, ती कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता एका पायावर उभी राहून तोल साधे. शर्यतीला तीन आठवडे असताना मात्र एक विघ्न आलं. एका आजोबांची कवळी त्यांच्या कुत्र्याने चावून तिचे दोन तुकडे केले. सोमवारी त्यांच्या मुलाचं लग्न, आणि आजोबांना चार शब्द बोलायचे होते. रविवारी सगळ्यात लांब पळायचं ठरलेलं होतं. ती लॅबमध्ये जाऊन बसली. सासऱ्यांनी वेळापत्रकावर लाल पेन्सिलीने "रद्द" लिहिलं आणि एवढंच म्हणाले, "प्रवाशांची गैरसोय झाली, पण कारण योग्य होतं."

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात कप्तान घरी आला. पाण्याच्या टेबलांवर उभं राहायला त्याला भरपूर माणसं मिळाली होती, पण खिंडीत कोणी तयार होईना. सतराव्या किलोमीटरला खिंड. साडेअकरापर्यंत जो तिथे पोचेल तो पुढे जाणार. उशीर झाला त्याला तिथेच थांबवायचं, कारण पुढचे अकरा किलोमीटर सगळे कड्याच्या धारेवरून होते आणि दुपारी तिथे धुकं उतरायचं. थोडक्यात, वाईटपणा घ्यायला माणूस हवा होता.

"मी बसतो," सासरे म्हणाले. "जीपने वर सोडा म्हणजे झालं. गुडघे चढू देत नाहीत."

कप्तान खूश. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. ती हसत होती.

"सूनबाई," सासरे म्हणाले, "आधीच सांगून ठेवतो. तिथे मी सासरा नाही."

"मग कोण?"

"तिथे मी साडेअकरा."

ती आणखी हसली. सरावात ती खिंडीत नेहमी अकरा-सव्वाअकराला पोचायची.

शर्यतीच्या सकाळी हवा छान होती. साडेसहाला दीडशे माणसं सुटली. पहिला डोंगर तिने मजेत चढला. दुसऱ्याच्या पायथ्याशी बुटाची नाडी सुटली. बसून नीट बांधली. पुढे एका बाईचा छातीवरचा नंबर सुटून लोंबत होता, तिला आपल्याकडची पिन काढून दिली. पाण्याच्या टेबलावर संत्र्याच्या फोडी होत्या. दोन खाल्ल्या, तिसरी खाता खाता टेबलावरच्या मावशींच्या मानदुखीवर उपाय सांगितला. मग दुसरा चढ सुरू झाला आणि चुकलेला तो लांब रविवार पोटऱ्यांनी वसूल करायला घेतला. पाय शिशाचे झाले. ती चालू लागली, मग मांडीवर हात रोवून चढू लागली. घड्याळाकडे बघायचं तिने सोडून दिलं, कारण बघून पाय हलके होत नव्हते.

शेवटच्या वळणावर खिंड दिसली. एक तंबू, एक टेबल, आणि वाटेच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेले सासरे. डोक्याला इस्त्रीची टोपी. तिला बघून ते उठले. तिने होतं नव्हतं तेवढं बळ पायांत आणलं आणि धावत सुटली. पोचली तेव्हा त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले होते. तिला क्षणभर वाटलं, कौतुकाने जवळ घेताहेत.

"थांब," ते म्हणाले. "वेळ संपली."

तिने वाकून श्वास घेतला. मनगटावरचं घड्याळ बघितलं. "बाबा, चाळीस सेकंद."

"एक्केचाळीस."

"बाबा."

"बस तू आधी. पाणी पी."

त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, पण हात तसेच आडवे होते. तिच्या आधी त्यांना कोणालाच थांबवावं लागलं नव्हतं. एक शिक्षिका पन्नास सेकंद राखून पुढे गेली होती, आणि तिच्यानंतर आलेली पहिली ही, घरचीच. तिथे तंबूत पाणी देणारी एक कॉलेजातली मुलगी सोडली तर बघायला कोणी नव्हतं. मुलगी हळूच म्हणाली, "काका, जाऊ द्या ना. मी नाही बघितलं."

"मी बघितलंय ना," ते म्हणाले.

ती एका दगडावर जाऊन बसली. सासऱ्यांनी पुढे केलेलं पाणी घेतलं नाही, मुलीकडून मागून घेतलं. आपलेच दात, आपलेच ओठ, आता बोंब कोणाच्या नावाने मारायची? तिने मनात सेकंदांचा हिशेब मांडला. नाडीचे किती, पिनेचे किती, तिसऱ्या संत्र्याचे किती. नाडी माफ होती, पिनही माफ. त्या मावशींच्या मानेचं काय नडलं होतं, ते तिला कळेना.

चार मिनिटांनी एक आडदांड गृहस्थ धापा टाकत आले. बांधकामाचे ठेकेदार होते, आवाज मिक्सरसारखा. थांबवल्यावर ते चांगलेच तापले.

"अहो, चार मिनिटांनी कोणाचं काय बिघडतं? मला ओळखता का तुम्ही? इथे ओळखीच्यांना सोडत असाल, आम्हालाच नियम."

सासऱ्यांनी हात आडवेच ठेवले. ठेकेदार त्यांना वळसा घालून जायला निघाले. कोणाच्या ध्यानीमनी नसताना दगडावरून ती म्हणाली, "दादा, मी त्यांची सून आहे."

ठेकेदारांनी वळून पाहिलं.

"सख्खी सून. एका घरात राहतो. त्यांना सकाळचा चहा मी देते. एक्केचाळीस सेकंदांसाठी बसवलंय मला."

ठेकेदारांनी सासऱ्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा सासऱ्यांकडे. "खरं सांगता?"

"उद्यापासून चहाचं काही सांगू शकत नाही," ती म्हणाली.

ठेकेदार आधी ओठांतल्या ओठांत हसले, मग पोट धरून. आणि येऊन तिच्या शेजारच्या दगडावर बसले. "मग माझी काय बिशाद."

नंतर माणसं येत गेली. बँकेतला एक कारकून, दोघी जुळ्या बहिणी, पाय लचकलेला एक पोस्टमन. प्रत्येक जण सुरुवातीला हुज्जत घालायचा, आणि प्रत्येकाला ठेकेदार आपल्या मिक्सरच्या आवाजात सांगायचे, "गप बसा इथे. या बाईंना विचारा, या कोण आहेत." पाचव्यांदा तेच सांगताना तिला स्वतःलाच हसू आवरेना. साडेबारापर्यंत अकरा जण जमले. खिशांतले खजूर, शेंगदाणे, चिक्क्या बाहेर आल्या. पोस्टमनचा पाय तिने तंबूतल्या मुलीच्या ओढणीने बांधून दिला. सासरे मात्र खुर्चीतच बसून होते, पाठ यांच्याकडे, तोंड वाटेकडे. त्यांनी काही खाल्लं नव्हतं. तिने बघितलं, आणि मूठभर शेंगदाणे त्यांच्या हातात नेऊन ठेवले.

गंमत म्हणजे त्या दिवशी धुकं उतरलंच नाही. कड्याच्या धारेवर संध्याकाळपर्यंत लख्ख ऊन होतं.

घरी आल्यावर खरी शर्यत सुरू झाली. नवरा आणि मुलगी शेवटच्या रेषेवर हातात फलक घेऊन दीड तास उभे राहिले होते. मुलगी रुसली होती. नवऱ्याच्या आत्याचा फोन आला. "सख्ख्या सुनेला अडवलं म्हणे. चारचौघांत शोभतं का हे?" नवरा फोनवर "हो आत्या, नाही आत्या" करत राहिला. बाप एका खोलीत, बायको दुसऱ्या खोलीत, आणि हा मध्ये इस्त्री करत. वॉर्डातले पेशंट परवडले, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

तीन दिवस सासरे-सून कामापुरतं बोलले. चहा वेळेवर मिळत होता. चौथ्या दिवशी सकाळी ती पळून आली तेव्हा ते स्वयंपाकघरात उभे होते.

"धुकं आलं नाही," ते म्हणाले.

"नाही आलं."

"तू गेली असतीस तर पोचली असतीस. मला त्या रात्री झोप नाही लागली."

तिने बूट काढले. "मग सोडायचं होतं ना."

"एकदा घरच्या माणसासाठी गाडी थांबवली होती. तुझ्या सासूसाठी. दीड मिनिट. कोणाला कळलं नाही, काही बिघडलंही नाही. पण ती डब्यात बसल्यावर म्हणाली, आता आयुष्यभर मला वाटत राहणार, आपण फुकट चढलो."

सासूबाईंना तिने बघितलंही नव्हतं; तिच्या लग्नाआधीच त्या गेल्या होत्या. मग ती म्हणाली, "मला तर राग वेगळ्याच गोष्टीचा आला होता, बाबा. चाळीस म्हटलं तर तुम्ही एक्केचाळीस म्हणालात. तो एक सेकंद तरी पदरात घालायचा."

ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला. तिने पाठ चोळली.

इकडे ठेकेदार स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी अकराही जणांचे नंबर घेऊन ठेवले होते. पुढच्याच्या पुढच्या रविवारी सगळ्यांनी खिंडीपर्यंत जीपने जायचं आणि उरलेले अकरा किलोमीटर पुरे करायचे, असा बेत त्यांनी ठरवला. पदक नाही, नंबर नाही. आणि "साडेअकरांना घेऊन यायचंच," अशी अट.

"मी काय करू तिथे?" सासरे म्हणाले. "माझे गुडघे."

"धार सपाट आहे," ती म्हणाली. "चालायचं. दमलात तर बसायचं."

नवऱ्याने त्या दिवसाची पाळी बदलून घेतली. मुलगी आली, मोकळ्या केसांनी. पोस्टमनचा पाय बरा झाला होता. धारेवर वारा होता, दोन्ही बाजूंना दऱ्या, खाली दूरवर छपरं आणि एक तळं. जुळ्या बहिणी पुढे पळाल्या, परत आल्या, पुन्हा पळाल्या. ती कधी त्यांच्याबरोबर पळे, कधी मागे येऊन सासऱ्यांबरोबर चाले. दर अर्ध्या किलोमीटरला ते बसत. ते बसले की सगळे बसत. कारकुनाने गाणं म्हटलं, ठेकेदारांनी त्याला गप्प केलं आणि स्वतः म्हटलं.

अकरा किलोमीटरना पाच तास लागले. शेवटच्या उतारावर सासरे एकेक पाऊल आडवं टाकत, नातीच्या खांद्यावर हात ठेवून उतरले. बाकीचे खाली एका कुंपणाला टेकून उभे होते. कोणी घड्याळात बघितलं नाही. ते पोचले, कुंपण धरून उभे राहिले, टोपी काढून टोपीनेच वारा घेतला, आणि सुनेला म्हणाले, "उद्या तुझी चार-पन्नासची गाडी रद्द. मला उठवत नाही."

"गाडी माझी आहे, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही झोपा. मी जाते."

तेवढ्यात जीप आली, आणि पुढच्या सीटवर कोणी बसायचं यावरून ठेकेदार आणि नात यांच्यात वाद सुरू झाला.