सोपानरावांच्या घराण्यातली बुरशी

तरुण आपलं जीवितकार्य ओळखतो, त्या क्षणी राष्ट्राचं भवितव्य ठरतं. आमच्या मोशीत ते १९५५च्या मे महिन्यात मारुतीच्या देवळात ठरलं. ठरत असताना संबंधित तरुणाला बाहेर चपला राखायला बसवलं होतं.

ज्योतीराम हा गावातून कॉलेजात गेलेला पहिलाच मुलगा. पुण्याला इंटर सायन्स पास झाला. आता त्यानं पुढं काय व्हावं, हे त्याच्या वडिलांनी, सोपानरावांनी, एकट्यानं ठरवणं गावाला बरं दिसेना. म्हणून सगळे मदतीला जमले.

"वकील करा," अर्जुनराव म्हणाले. त्यांचा बांधाचा दावा वडिलांच्या हयातीपासून चालू होता.

"फौजदार बरा," भैरू पैलवान म्हणाला. "जत्रंतले पंच जरा सरळ वागतील."

सोपानरावांनी मिशीवरून हात फिरवला. "मामलेदार. घोडं बी बघून ठिवलंय."

मग घोड्याच्या रंगावर बराच ऊहापोह झाला. तेवढ्यात ज्योतीरामची आत्या तानाबाई दिव्यात तेल घालायला आली. "पोराला कुणी इचारलंय का?"

हा मुद्दा खरंच कुणाच्या ध्यानात आला नव्हता. ज्योतीरामला आत बोलावलं.

"आबा, मला बुरशीचा अभ्यास करायचाय."

"कशाचा?"

"बुरशीचा. शिळ्या भाकरीवर येते ती."

अर्जुनराव खाकरले. "मामलेदाराला घोडं तरी लागतं, सोपानराव. बुरशीवाल्याच्या दारात काय बांधणार?"

सोपानरावांची मान खाली गेली. ज्योतीराम मात्र बोलतच राहिला. "कॉलेजात सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा पाहिली, त्या दिवशी मी जेवायचं विसरलो. टाचणीच्या टोकावर अख्खं रान असतं, आबा. फांद्या, फुलोरा, सगळं. पिंपरीला सरकारी कारखाना निघालाय, तिथं तिच्यापासून औषध काढतात. मला तिथं जायचंय. तुम्ही नको म्हणालात तर होईन वकील. पण जीव रमायचा नाही."

सोपानराव उठू लागले. तेव्हा ज्योतीराम भैरूकडं वळला. "काका, पाय दाखवा."

मागं फाळ लागून भैरूचा पाय सडला होता. पुण्याचे डॉक्टर कापायचा म्हणत होते. मग सुया टोचल्या आणि पाय राहिला.

"त्या सुयांतलं औषध बुरशीचं होतं."

भैरूनं धोतर वर घेतलं. सगळी सभा पायाकडं बघत राहिली. याच पायावर त्यानं यंदा चाकणला कुस्ती मारली होती.

"म्हंजी ती कुस्ती बुरशीनं मारली?"

"कुस्ती तुम्हीच मारली, काका. तिनं पाय राखला."

भैरूनं धोतर हळूच खाली सोडलं. "सोपानराव, पोराला फौजदार करू नगा."

सोपानराव पुन्हा खाली बसले. पोराकडं बघता बघता त्यांची छाती दोन बोटं पुढं आली. "मी कवाधरनं तेच सांगतोय. आमच्या घराण्यात बुरशी पयल्यापासनंच हाय."

यावर कुणीही शंका घेतली नाही.

जूनमध्ये ज्योतीराम बुरशीचं पुढलं शिकायला पुण्याला निघाला, तेव्हा मोटार थांबते तिथं सगळं गाव आलं. भैरूनं त्याची वळकटी स्वतःच्या खांद्यावर आणली. कुणीही विचारलेलं नसताना सोपानराव ड्रायव्हरला म्हणाले, "आमचा ज्योतीराम. बुरशीत असतो." ड्रायव्हरनंही आदरानं मान हलवली.

गर्दीतून वाट काढत तानाबाई पुढं आली. तिनं पदराखालून बरणी काढली.

"ज्योत्या, लोणच्यावर पांढरं आलंय. वरचं काढून खालचं खाल्लं तर चालंल का, तेवढं बघून जा."