शनिवारची कॉपी

"गर्जे मॅडम, या तीन ओळी काढून टाका," सोनटक्के साहेब तिच्या खुर्चीमागं उभे राहून म्हणाले. त्यांचं बोट पडद्याला टेकलं होतं. "आणि खालचे नंबर सरळ करून घ्या. मधे गॅप दिसायला नको."

पंकजानं मान वळवली नाही. पडद्यावर मेंटेनन्सचं रजिस्टर उघडलेलं होतं. कोणतं मशीन कधी बिघडलं, तक्रार कोणी केली, दुरुस्ती कधी झाली, याच्या रोजच्या नोंदी. साहेबांचं बोट होतं त्या तिन्ही ओळी एकाच मशीनच्या होत्या. प्रेस नंबर चार, सेन्सर चालत नाही. तक्रार करणारा, कानिफनाथ खाडे. पहिली नोंद तीन आठवड्यांपूर्वीची, शेवटची गेल्या शुक्रवारची. दुरुस्तीचा रकाना तिन्ही ठिकाणी कोरा.

कानिफनाथ काल, सोमवारी, त्याच प्रेसखाली सापडून गेला होता.

"सर, पण तक्रारींच्या चिठ्ठ्यांची फाइल..."

"ती माझ्याकडं आहे. तिची काळजी तुम्ही करू नका." साहेबांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "पोरगा पिऊन आला होता. सेन्सर त्यानंच वायर टाकून बंद केला. आता आपल्याच हातानं कंपनीच्या गळ्याला फास कशाला लावायचा? तीनशे माणसांचं पोट आहे इथं."

माणसाचा हात आत असला की प्रेस खाली येऊ नये, एवढ्यासाठी समोर तो सेन्सर बसवलेला असतो. तो बिघडला तर मशीन थांबवायचं, असा नियम. पण ऑर्डर अंगावर आली की वायर जोडून सेन्सरला बगल द्यायची आणि मशीन चालू ठेवायचं, हे त्या विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. वायर जोडायला सांगणारे कोण, हेही ठाऊक होतं.

पंकजानं तिन्ही ओळी निवडल्या, काढल्या, नंबर सरळ केले. साहेब "थँक यू" म्हणाले. ते नेहमीच म्हणत.

जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला आणि तसाच बंद केला. कानिफनाथ शुक्रवारी तिच्या टेबलापाशी आला होता, तो तिला दिसत राहिला. सत्तावीस वर्षांचा, जामखेडच्या पलीकडच्या वाडीचा, ठेकेदाराकडून लागलेला. त्याचं अक्षर तिला लागायचं नाही. म्हणून ती चिठ्ठी त्यालाच वाचायला लावायची. त्या दिवशी वाचून झाल्यावर तो म्हणाला होता, "मॅडम, जरा मोठ्या अक्षरात टाका. म्हंजी साहेबाला दिसंल." ती हसली होती. अक्षर तेवढंच ठेवलं होतं.

त्या ओळी कंपनीच्या कॉम्प्युटरवरून गेल्या, पण जगातून गेल्या नव्हत्या. हे फक्त पंकजाला माहीत होतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आणि अकरा महिन्यांचं रजिस्टर गेलं. चूक कोणाचीच नव्हती, म्हणजे तिची ठरली. तेलानं माखलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे पुढ्यात घेऊन तिनं महिनाभर ते सगळं पुन्हा टाइप केलं. चिठ्ठ्यांचा तो वास पुढं कितीतरी दिवस तिच्या हातांना येत होता. त्या दिवाळीत तिनं स्वतःसाठी साडी घेतली नाही. नगरला जाऊन एक टीबीची हार्ड डिस्क घेतली. काळी, चष्म्याच्या डबीएवढी. जुन्या ब्लाउजपीसची पिशवी शिवली आणि त्यात ती ठेवली. तेव्हापासून दर शनिवारी जेवणानंतर ती डिस्क जोडायची आणि रजिस्टरची त्या तारखेची वेगळी कॉपी घ्यायची. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि नऊ वर्षांत कोणी विचारलंही नव्हतं. कॉम्प्युटर कधीही दगा देईल, पण आपली वस्तू आपल्याकडं आहे, एवढ्यावर ती निर्धास्त असायची.

पुढं घरचंही त्यातच जमत गेलं. सातबारे, रेशनकार्ड, आईच्या दवाखान्याचे कागद. आणि दिशाचे फोटो. मुलीचं पहिलीचं गॅदरिंग, पुढचे दोन दात पडलेले असतानाचं हसू, सायकलवरून पडून प्लास्टर घातलेला हात. ज्या मोबाइलमधून ते काढले तो मोबाइल केव्हाच भंगारात गेला होता. दिशा आता पुण्याला नर्सिंग करत होती.

त्या संध्याकाळी पंकजानं नवऱ्याला सगळं सांगितलं. गहिनीनाथ कंपनीचीच बस चालवायचा, ठेकेदाराच्या हाताखाली. त्यानं ऐकून घेतलं. तो म्हणाला, "कुनाला बोललीस का?"

"न्हाई."

"मग बोलू नगंस."

पंधरा दिवसांनी कंपनीच्या गेटसमोर, चहाच्या टपरीशेजारच्या दगडावर एक बाई बसलेली दिसली. सुती लुगडं, कपाळावर गोंदण, पायांत प्लॅस्टिकची चप्पल. शिफ्ट सुटली की ती उठायची, बाहेर पडणाऱ्या एकेकाला थांबवायची, काहीतरी विचारायची. माणसं मान हलवून पुढं जायची. ती कानिफनाथची आई, आक्काबाई. दिवसभर बसून ती शेवटच्या गाडीनं जामखेडला जाते आणि सकाळी परत येते, असं टपरीवाला सांगत होता.

तिसऱ्या दिवशी तिनं पंकजाला गाठलं.

"ताई, तुमी हापिसात असता का?"

"हो."

"मग तुमाला ठावं असंल. माजा कानिफ पिऊन आल्ता का त्या दिवशी?"

आक्काबाई तिच्या तोंडाकडं बघत होती.

"बाकी काय मागाया न्हाई आले मी. त्यो गेला, त्यो काय येत न्हाई. पन गावात लोक म्हनत्यात, पिऊन मेला. त्याचा बाप पिऊन गेला. तवा ह्यो पोरगा सात वर्साचा हुता. त्या दिवसापास्नं दारूच्या वासाला बी थांबत नव्हता. मंग ह्यो कसा पिला?"

"मला माहीत नाही, मावशी," पंकजा म्हणाली. "मी दुसऱ्या डिपार्टमेंटला आहे."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि मागून येणाऱ्या माणसाकडं वळली.

बसमध्ये पंकजा नेहमीच्या जागेवर बसली. नवऱ्याची पाठ समोर दिसत होती. आपण खोटं बोललो याचं तिला फार वाटलं नाही. ती बाई किती सहज "बरं" म्हणाली, ते मात्र आतवर गेलं.

चार दिवस गेले. सरकारी कारखाना निरीक्षकाकडं अपघाताची चौकशी गुरुवारी आहे, असं ऑफिसात कळलं. रविवारी भाकरी थापता थापता ती गहिनीनाथला म्हणाली, "मी गुरुवारी डिस्क घिऊन जानार हाय."

तो जेवायचा थांबला. "तुझी नोकरी जाईल. माझी गाडी जाईल. पोरीचं शिक्षन अर्ध्यात हाय."

"व्हय."

"समदं ठावं असून?"

"त्या बाईला मी खोटं सांगितलं," ती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली. तो खाली मान घालून पुन्हा जेवू लागला. तिला वाटलं, त्यानं ऐकलं.

बुधवारी कामावरून आल्यावर तिनं कपाटातून डिस्क काढली. फाइल एकदा डोळ्यांखालून घालावी म्हणून दिशाच्या जुन्या लॅपटॉपला जोडली. डिस्क जोडल्याचा आवाज झाला. खिडकी उघडली. आत काहीच नव्हतं. खाली लिहिलं होतं, ९३१ जीबी मोकळी.

तिनं वायर काढली, पुसली, परत जोडली. तेच.

"परत लावू नगं," गहिनीनाथ स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "त्यात कंपनीचं काय न्हाई आता. मी दिल्ती साहेबाला, सोमवारी. आज दुपारी त्यांनी परत दिली."

ती त्याच्याकडं वळली.

"साहेब म्हन्ले, कंपनीचं तेवढं काढतो. बाकीचं तसंच ऱ्हाईल." तो खाली बघून बोलत होता. "मला बी वाईट वाटतंय त्या पोराचं. माझ्याच बसनं यायचा त्यो. मागच्या शिटावर झोपायचा. पन त्यो गेला, पंकजा. आपल्याला ऱ्हायचंय."

"आन् दिशाचे फोटू?"

त्यानं वर पाहिलं. "कुठले?"

"लहानपनीचे. समदे."

"त्यात हुते?" त्यानं पडद्याकडं पाहिलं. मग तो पुढं आला, लॅपटॉपसमोर बसला आणि माउस हातात घेऊन रिकाम्या खिडकीत इकडं तिकडं फिरवू लागला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. "मला वाटलं, मोबाइलात असतील," तो म्हणाला. बराच वेळ तो तसाच माउस फिरवत होता. पंकजा उठून बाहेर गेली आणि अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढू लागली. ते अजून ओले होते. तरी तिनं ते काढले आणि घड्या घातल्या.

गुरुवारी सकाळी ती आधी नगरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. दुकानदारानं तासभर खटपट केली. "ताई, नुसतं पुसलेलं असतं तर काढून दिलं असतं," तो म्हणाला. "ह्याच्यावर दुसरं भरून, ते परत पुसलंय. करणाऱ्याला चांगलं माहीत होतं."

निरीक्षकाच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर आक्काबाई एकटीच बसली होती. पंकजा तिच्याशेजारी बसली.

"मावशी, मी त्या दिवशी खोटं बोलले. सेन्सर बंद आहे म्हणून कानिफनं तीनदा लिहून दिलं होतं. ते मीच टाइप केलं. आणि तो गेल्यावर मीच काढून टाकलं. साहेबांनी सांगितलं म्हणून."

आक्काबाईनं हे सगळं समजायला वेळ घेतला. "म्हंजी त्यानं सांगितलं हुतं," ती म्हणाली.

"हो. तीनदा."

"आन् पिलेला?"

"सकाळच्या बसला माझ्या पुढं चढला तो. मला नमस्कार केला. पिलेला नव्हता."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. रडली नाही. मग पदर खाली घेऊन म्हणाली, "मंग आत जाऊन सांगा तेवढं."

निरीक्षक पन्नाशीचे, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकलं. "याचा काही पुरावा? कागद, फाइल?"

"होता. आता नाही."

"काय झालं त्याचं?"

पंकजाच्या डोळ्यांसमोर माउस फिरवणारा हात आला. "हार्ड डिस्क खराब झाली," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं सांगितलेली ती एकच खोटी गोष्ट.

"मॅडम, हे मी लिहून घेतलं, तर नोंदी तुम्ही काढल्या एवढंच नक्की होतं. साहेबांनी सांगितलं, हे तुम्ही म्हणता. ते नाही म्हणतील."

"म्हणू द्या. तुम्ही लिहा."

त्यांनी लिहिलं. चार पानं झाली. प्रत्येक पानावर तिनं पूर्ण सही केली.

दुसऱ्या दिवशी गेटवरच्या वॉचमननं तिला आत सोडलं नाही. तिच्या टेबलाच्या खणातलं सामान त्यानं एका खोक्यात घालून आणून दिलं. गहिनीनाथची बस त्या महिन्याच्या शेवटापर्यंत चालली, मग ठेकेदारानं दुसरा माणूस घेतला. त्यानं साहेबांना डिस्क नेऊन दिली होती, ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. अहवाल यायला सात महिने लागले. पंकजाच्या जबाबावरून निरीक्षकांनी रक्ताच्या तपासणीचा कागद मागवला होता. त्यात दारू नव्हती, तेवढं अहवालात आलं. सेन्सर आधीपासून बंद होता की नाही, हे पुराव्याअभावी सांगता येत नाही, असंही आलं. सोनटक्के साहेब तोवर सुप्याच्या नव्या प्लांटला मोठ्या जागेवर गेले होते. पंकजा तहसीलसमोरच्या एका टायपिंगच्या दुकानात अर्ज टाइप करत होती.

वर्षश्राद्धाचं बोलावणं आक्काबाईनं फोनवरून दिलं. "दोघं बी या. मालकास्नी घिऊन या," तिनं तीनदा बजावलं.

गहिनीनाथ नको म्हणत होता. पण वाडीपर्यंत एसटी जात नव्हती, म्हणून मोटरसायकलवर घेऊन आला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शाळू पोटरीत आलेला होता. घरापुढं छोटा मांडव, महाराजांचं प्रवचन नुकतंच संपलेलं, पंगत बसत होती. गहिनीनाथ गाडीपाशीच थांबला.

आक्काबाईनं पंकजाचा हात धरला आणि तिला मांडवाच्या मधोमध नेलं. भावकीतली माणसं, बायका, सोयरे बसलेले होते. म्हातारीचा आवाज फार मोठा नव्हता, पण सगळे गप्प झाले.

"ह्या त्या बाई. माजा पोरगा पिऊन मेला न्हाई, हे सरकारात लिहून देनाऱ्या. त्यापायी ह्यांची नोकरी गेली." मग पंकजाला म्हणाली, "बसा हितं." तिनं तिला भावकीच्या ओळीत बसवलं आणि इकडंतिकडं पाहिलं. "मालक कुठं हायती?"

"बाहेर आहेत," पंकजा म्हणाली. "ते जेवत नाहीत बाहेरचं."

"असं कसं," म्हणत आक्काबाई स्वतः बाहेर गेली. तिनं त्याला दंडाला धरून आणलं आणि पंकजाच्या शेजारी बसवलं. गहिनीनाथ मांडी घालून, मान खाली घालून बसला. पंकजानं त्याच्याकडं पाहिलं नाही. आक्काबाईनं लापशीचं पातेलं वाढप्याच्या हातातून घेतलं आणि वाकून त्याच्या पत्रावळीत वाढलं, वर तुपाची धार सोडली.

"तुमी बी लई सोसलं, दादा," ती म्हणाली. "बाईच्या पाठीशी उभं ऱ्हानारा मानूस लागतो. घ्या, लाजू नका."

तिनं पळी पुन्हा भरली. गहिनीनाथनं पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले आणि तसेच धरून ठेवले. आक्काबाई भरलेली पळी घेऊन थोडा वेळ थांबली, मग शेजारच्याला वाढायला पुढं सरकली.