मनगट आणि मुंढा

धाकट्या लेकीचं लग्न ठरलं त्या वर्षी शिंप्याचा डावा पाय बिघडला. लग्नाला नऊ आठवडे उरले होते. तिचे कपडे मीच शिवणार, दुसऱ्याचा हात लागू देणार नाही, असं त्याने गल्लीभर सांगून ठेवलेलं. आणि आता मशीनवर दहा मिनिटं बसला की कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत तापलेली सळई फिरायची.

बायको वैतागली होती ती दुखण्यापेक्षा त्याच्या इलाजांना. येईल ते गिऱ्हाईक पोटरीला एक तेल सांगायचं आणि हा ते चोळायचा. मग चपला बदलल्या. मग पोटरीला पट्टा आवळला. डॉक्टरांनी तपासून दोघांसमोर स्पष्ट सांगितलं होतं, दुखणं पायात नाहीच; कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकून पायाकडे जाणारी नस दाबतेय. पडून राहू नका, थोडं थोडं चाला, व्यायाम करा, बहुतेकांना दोन-तीन महिन्यांत उतार पडतो. पाऊल लुळं पडलं किंवा लघवी अडली तर मात्र घड्याळ न बघता या. शिंपी घरी येऊन एवढंच म्हणाला की पाय दाखवायला गेलो, तर तो बाबा पाठच बघत बसला.

एक दिवस तो पोटरीला तिसरा पट्टा बांधायला लागला, तेव्हा तिने कात्री खाली ठेवली.

"बाही मनगटाशी ओढतेय असं गिऱ्हाईक म्हणालं, तर तुम्ही काय उसवता? मनगट?"

"मनगट कशाला? खांद्याला बाही जोडतो तिथे मुंढा चुकलेला असतो."

बोलून गेला आणि पट्टा हातात धरून तसाच बसला.

"चाळीस वर्षं लोकांना हेच ऐकवताय," ती म्हणाली. "स्वतःच्या वेळी अक्कल कुठे गहाण टाकलीत?"

दुसऱ्या दिवसापासून तो पालथा पडून, कोपरांवर छाती उचलायला लागला. दर अर्ध्या तासाने ती त्याला मशीनवरून उठवायची. तीन आठवड्यांनी तो नवीनच तक्रार घेऊन आला: पोटरी थांबली, पण दुखणं आता कमरेत चढलंय. तिने कपाळावर हात मारला. दुखणं पायातून वर सरकलं तर ते बरं लक्षण, हे डॉक्टरांकडच्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दोनदा सांगितलं होतं.

कपडे वेळेत झाले. काजं त्याने उभ्यानेच केली. बाह्या तिने शिवल्या, हे मात्र त्याने गल्लीत कुणाला सांगितलं नाही.

बायको त्यानंतर अकरा वर्षांनी, थंडीत, न्यूमोनियाने वारली. शिंपी तिच्यामागे चार वर्षांनी गेला, सकाळी, व्यायाम आटोपल्यावर, हृदय बंद पडून.