उघडं एकच घर

चोरून जायचं तर गर्दीत जावं, हे पाकीटमारालाही कळतं. आमच्या अक्काला ते कळलं नाही. मला कळत होतं, पण मी बोललो नाही, कारण अक्काला सल्ला देणं म्हणजे तवा तापलाय का ते हात ठेवून बघणं. तिचं म्हणणं असं की हंगाम सरला की त्या समुद्रकाठच्या गावात चिटपाखरू नसतं, मग आपल्याला बघणार कोण? मी मनात म्हटलं, चिटपाखरू नसलेल्या गावात तीन माणसं उतरली की ती हत्तीएवढी दिसतात. पण पिशवी भरली आणि गेलो.

प्रकरण ठकीचं होतं. ठकी म्हणजे अक्काची एकुलती एक मुलगी. शहरात जुन्या इमारतींचे नकाशे काढायच्या कचेरीत नोकरी करते. मोजमापं घ्यायला म्हणून या गावात गेली आणि किल्ल्याच्या तटाची डागडुजी करणाऱ्या एका गवंड्यात जीव अडकवून परत आली. अक्का म्हणाली, अर्धं वर्ष कुलपात असणाऱ्या गावात मी मुलगी देणार नाही. ठकी म्हणाली, एकदा येऊन बघ तरी. अक्का म्हणाली, माझं पाऊल लागणार नाही तिथे. त्यावर ठकी काहीच बोलली नाही, आणि ती बोलली नाही की समजावं, हिशेब मिटला. तेव्हापासून ती फोन करते तो दाजींना, नाहीतर मला. ‘आई बरी आहे ना?’ एवढं विचारते, तेही फोन ठेवता ठेवता.

फोन वाजला की अक्का स्वयंपाकघरातला नळ बंद करायची, म्हणजे ऐकू यावं. आणि दाजींनी ‘घे, बोल’ म्हटलं की पुन्हा सोडायची.

शेवटी तिनेच ठरवलं. गुपचूप जायचं, गाव बघायचं, जमलं तर मुलगा लांबून बघायचा आणि ठकीला पत्ता लागू न देता परतायचं.

“आणि लागला तर?” मी विचारलं.

“लागला तर ती म्हणेल, आईने माझ्यावर पाळत ठेवली. मग तुम्हालाही फोन यायचा नाही. कायमचा तुटेल तो.” हे बोलताना ती दाजींचे मोजे घडी करत होती. एकाच मोज्याची तिने तीनदा घडी केली.

आम्ही उतरलो तेव्हा बसच्या चालकाने वळून विचारलं, “इथेच उतरायचं होतं ना?” बस गेली आणि वाऱ्याखेरीज आवाज राहिला नाही. समोर किल्ल्याचा काळा तट, त्याच्या पायाशी पालथ्या होड्या, आणि बंद हॉटेलांसमोर एकावर एक चढवून साखळीने बांधलेल्या खुर्च्या. काचांवर खाऱ्या वाऱ्याचा थर असा, की बोटाने नाव लिहावं. अक्का एकेक कुलूप बघत चालली होती आणि दर कुलपागणिक तिचा चेहरा उतरत होता. म्हटलं तर ती जिंकत होती. तिचंच म्हणणं खरं ठरत होतं. पण असं जिंकून कोण हसतं?

एक न्हाव्याचं दुकान तेवढं उघडं होतं. न्हावी स्वतःचीच दाढी करत होता.

“राहायला? वरच्या गल्लीत निळं दार. या आठवड्यात त्यांचं उघडं आहे.”

“म्हणजे?” दाजी म्हणाले.

“आता सगळ्यांनी उघडं ठेवून सगळ्यांनीच माशा मारायच्या का? आम्ही आठवडे वाटून घेतो. एका वेळी एकच घर पाहुण्यांचं. आलेल्याला छप्पर मिळतं, बाकीच्यांना झोप मिळते.”

“परतीची गाडी?”

“संध्याकाळची फक्त हंगामात. आता थेट सकाळी.” त्याने अर्ध्या साबणाच्या तोंडाने आम्हा तिघांना नीट पाहून घेतलं. “कुणाकडे आलात?”

“किल्ला बघायला,” अक्का इतक्या घाईने म्हणाली, की मीसुद्धा विश्वास ठेवला नसता.

निळ्या दारात आमच्या आधी बातमी पोचली होती. एक ठेंगणी, गोल बाई उंबऱ्यात उभी. “या. तिघं ना? चष्मेवाल्या काकांना चढ जड जातोय म्हणे. बसा आधी.” दाजी खरोखरच चष्मेवाले, त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. ते बिचारे दचकले, की हिला धंदाही कळला की काय. मालकीणबाईंनी खुर्च्यांवरच्या चादरी भराभर ओढल्या. खोल्यांना मिटल्या पेटीचा वास होता. कपाटाची दारं ओलीने फुगलेली, काडेपेटीतली तिसरी काडी पेटली. बाईंनी गाद्या उलगडल्या, चहा आणला आणि समोर बसून जगातल्या सगळ्या बायका पहिल्यांदा जे विचारतात ते विचारलं.

“मुलंबाळं किती, ताई?”

आता यात अवघड काय? पण अक्काच्या डोक्यात एकच, की मुलगी म्हटलं की कुठे असते, काय करते, नाव काय, आणि झालं. चोराच्या मनात चांदणं. ती म्हणाली, “नाहीत.”

दाजींना चहाचा ठसका लागला.

“असो, असो,” मालकीणबाई हळव्या आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी अक्काच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली. “देणं-न देणं आपल्या हातात थोडंच असतं. माझाही एकच. तटाच्या कामावर असतो, गवंडी आहे.”

अक्काने बिस्कीट उचललं होतं. ते तसंच हातात राहिलं.

“यंदा लग्न उरकायचं होतं,” बाई सांगत होत्या. “मुलगी सोन्यासारखी. नकाशे काढते शहरात. मी तर आतापासून सूनबाईच म्हणते तिला. पण तिच्या आईला गाव पसंत नाही.”

“त्यांनी… पाहिलंय का गाव?” अक्काने विचारलं.

“नाही ना. पाहून नको म्हटलं असतं तर मी समजले असते. आईच ती.”

आम्ही तिघं वरच्या खोलीत आलो. दार फुगलेलं, ते लागेना. दाजींनी पाठ लावून रेटलं.

“अगं, मला विचारून तरी निपुत्रिक करायचंस,” ते म्हणाले.

“चेष्टा सुचते तुम्हाला?” अक्काचे ओठ पांढरे पडले होते. “तोंडातून गेलं. आता?”

“आता खाली जा आणि खरं सांग,” मी म्हटलं.

“काय सांगू? दुपारी मूल नव्हतं, तिन्हीसांजेला झालं? ही बाई ठकीशी बोलत असणार. हिच्या तोंडून ठकीला कळणार, की आईने मला नाहीच म्हटलं. भांडणात बोललेलं मूल विसरतं रे. हे नाही विसरणार.”

“मग सकाळी गाडीने निघू. कुणाला कळतंय?”

“ठकीने आपला फोटो दाखवला असला तर?” दाजी म्हणाले.

कुणालाच ते सुचलं नव्हतं. अक्का गादीच्या कडेला बसली आणि उठली. खिडकी उघडायला गेली, तीही फुगलेली. खाली गल्लीत कुणी बोललं की ती कान देई. किल्ला बघायला आलेली आम्ही माणसं, आणि किल्ल्याकडे खिडकीतूनही बघत नव्हतो. मी गोदामात माल तपासायचं काम जन्मभर केलं. फाटकं पोतं मला लांबून कळतं. त्या खोलीत ते माझ्यासमोरच बसलं होतं आणि शिवायला माझ्याकडे दोरा नव्हता.

दिवस मावळताना मुलगा घरी आला. आम्हाला जेवायला खाली बोलावलेलंच होतं. ठकीच्या फोनवर दाजींनी त्याचा फोटो पाहिला होता. भुवईवरची खोक बघून त्यांनी टेबलाखाली माझा पाय दाबला. मुलगा ‘काका, मावशी’ करत सरळ आमच्याच बाकावर बसला आणि बोटांच्या भेगांना तेल चोळू लागला. ओळखलेलं काही दिसलं नाही. अक्काने श्वास सोडला, पण अर्धाच.

“चुन्याने होतं?” दाजींनी विचारलं.

“चुन्यानेच. काम याच दिवसांत करावं लागतं, काका. हंगामात लोक ओल्या भिंतीला टेकून फोटो काढतात.”

“आणि तुमची बायको काय करील इथे?” अक्का एकदम म्हणाली. मी डोळे मिटले. “म्हणजे, उद्या आलीच तर. सगळी कुलपं लागल्यावर.”

तो हसला नाही. “तेच मला कळत नाही, मावशी. ती म्हणते, नकाशे इथूनही काढता येतील. मी म्हटलं, आधी असे रिकामे महिने राहून बघ, मग हो म्हण. ती चिडली माझ्यावर. म्हणाली, आईची वकिली करू नकोस.”

अक्काने त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

मालकीणबाई परातीत पीठ मळत होत्या. मुलाने फोन लावला, आवाज मोठा केला आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. “रोजचं आहे यांचं,” तो आम्हाला म्हणाला. “मला दोन मिनिटं, मग सासू-सुना. मी चुन्याचा खड्डा झाकून येतो, वारा सुटलाय.” आणि तो गेलासुद्धा.

“काकू, जेवण झालं?” टेबलावरून ठकी म्हणाली.

अक्का दगड झाली. दाजी चष्मा काढून पुसू लागले.

“अजून नाही गं. पाहुणे आहेत. किल्ला बघायला आलेत. चांगली माणसं आहेत. मूलबाळ नाही बिचाऱ्यांना.”

“काकू, त्यांच्यासमोर नका ना बोलू असं. बसलेत का तिथे?”

“बसलेत. आपलेपणाने बोलले गं. तू आईला फोन केलास का?”

“केला होता काल.”

“मग? काय म्हणाल्या?”

“नुसतं ‘हॅलो’ म्हणाली. मी ठेवला. आवाज ऐकायचा होता, तेवढाच.”

असा एक मुका फोन काल आल्याचं अक्का आम्हाला बोलली नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं. गप्प राहिली तर सकाळच्या गाडीने सगळं झाकून नेता आलं असतं. दाजींनी हलकेच मान हलवली, म्हणजे नको, बोलू नकोस. माझंही मन तेच म्हणत होतं.

“आहे,” अक्का म्हणाली.

“काय आहे, ताई?” मालकीणबाईंनी विचारलं.

“मुलगी. आम्हाला एक मुलगी आहे.”

फोनमधून एका गाडीचा आवाज गेला. कचेरीबाहेरचा रस्ता असावा. मालकीणबाईंचे हात पिठात थांबले. त्यांनी अक्काकडे पाहिलं, मग फोनकडे, मग पुन्हा अक्काकडे.

“कधीपासून?” ठकी म्हणाली.

जीभ आईचीच, सुरी तीच.

“दुपारी या बाईंनी विचारलं तेव्हा नाही म्हटलं मी,” अक्का म्हणाली. “तुला कळू नये म्हणून. चोरून आले होते. तुझे बाबा आहेत, मामा आहे. त्यांचा काही दोष नाही, बेत माझा.”

“मी नाही, असं सांगितलंस?”

“हो.”

आता फोन कट होणार, असं मला वाटलं. मी त्या फोनवरचा उजेड बघत होतो. तो आहे तोवर ती आहे, एवढंच कळत होतं. मालकीणबाईंनी पिठाच्या बोटाने फोन अक्काच्या पुढ्यात सरकवला.

“गाव बघितलंस?” ठकीने विचारलं. ती रडत होती की चिडली होती, मला सांगता यायचं नाही.

“नाही. नुसती कुलपं बघितली.”

“मग उद्याच्या गाडीने निघू नका. मी येते. पण खूप रागावलेय, हे आताच सांगून ठेवते.”

“ये. रागावूनच ये.”

उजेड गेला. मालकीणबाई अक्काकडे बघत होत्या आणि तो चेहरा मला वाचता येईना, जमेत धरावा की खर्चात.

“दोन बिस्किटं जास्तीची दिली होती मी,” बाई शेवटी म्हणाल्या. “दया म्हणून.”

“हो.”

“म्हणजे आता तुम्ही सकाळी जात नाही.”

“नाही,” अक्का म्हणाली. “ठेवलंत तर.”

“मग एवढ्या पिठात भागायचं नाही. उठा. हात धुवा आणि मळायला या.”