तुम्ही बसा, बाबा

मित्रांनो, पुण्यात बिबवेवाडीतल्या एका तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी ठेवलेली मी एक जुनी आरामखुर्ची आहे. वेत बदलून झाला, डावा हात खिळखिळा झाला, आणि खरे सांगायचे तर मला माझाच कंटाळा आला आहे. तरी पाहिले ते सांगते, कारण इतक्या जवळून ते दुसऱ्या कोणी पाहिले नाही.

शनिवार पेठेत सोनबा सुताराने मला घडवले. सागाचे लांब हात, कलती पाठ. तो काळ कारखान्यांतून माणसे कमी करण्याचा होता. दिगंबरराव चिंचवडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. यंत्राचे सुटे भाग तपासत. केसाएवढी चूकही त्यांच्या बोटांतून निसटत नसे. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा कारखान्याची होती, निवृत्ती त्यांची. निरोपसमारंभात त्यांना शाल, श्रीफळ आणि मी मिळाले. साहेब म्हणाले, "फार राबलात, आता आराम करा." टाळ्या झाल्या.

सुरुवातीला ते फक्त रविवारी दुपारी माझ्यात टेकत. पुढे त्यांची साठीची शांत झाली. होम झाला, सून श्रद्धाने ओवाळले, आणि दुसऱ्या सकाळी ते दूध आणायला निघाले, तेव्हा आयटीत नोकरी करणारा त्यांचा मुलगा अभिनव म्हणाला, "तुम्ही बसा, बाबा. आता वय झालं तुमचं." दूध गेले. मग भाजी गेली, विजेचे बिल गेले, भिंतीत खिळा ठोकणेही गेले. सारे अत्यंत प्रेमाने. आदराच्या सभ्य मार्गाने माणसाचे फर्निचर करता येते, हे मी स्वतः फर्निचर असल्यामुळे अधिकाराने सांगते.

काही वर्षांनी त्यांना सकाळपासूनच थकवा येऊ लागला. भर उन्हाळ्यात ते स्वेटर घालून बसत. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजरा दिसू लागला, बोलता बोलता शब्द सापडेना. प्रत्येक तक्रारीवर त्यांचे उत्तर एकच असे : "वय झालं." ज्या माणसाने आयुष्यात एकही भाग मोजल्याशिवाय पुढे सोडला नाही, त्याने स्वतःला मात्र न तपासताच बाद केले.

हसऱ्या माणसाला रोग होत नाही, असले व्याख्यान मी देणार नाही. तसली व्याख्याने ज्येष्ठ नागरिक संघात फुकट मिळतात. त्यांच्या पत्नी श्यामलाबाई हसऱ्या होत्या आणि त्यांना मधुमेहही होता. फरक एवढाच की त्या आपल्या दुखण्याला दुखणे म्हणत आणि डॉक्टरांकडे जात. दिगंबरराव आपल्या दुखण्याला वय म्हणत आणि माझ्याकडे येत.

एके दिवशी त्यांना नातीचे, स्पृहाचे, नाव आठवेना. त्या रात्री जेवताना अभिनव हळूच म्हणाला, "मांजरी गावाजवळ विसर पडणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी एक केंद्र आहे. तिथेच ठेवून घेतात. चांगलं सांभाळतात."

दिगंबररावांनी मान हलवली. "बघून ठेव."

श्यामलाबाईंनी ताट सरकवले. "मलाही खोली बघ रे शेजारची. चार वर्षांनी लहान आहे मी, तेवढी सूट मिळते का विचार."

दुसऱ्या सकाळी रक्त न्यायला लॅबचा मच्छिंद्र आला. श्यामलाबाईंची साखर तो नेहमीच तपासायला नेई. त्या म्हणाल्या, "यांचंही घ्या."

"माझं कशाला? वय झालंय माझं."

"हो ना. मग किती झालंय ते तरी कळू दे. बाही वर करा."

त्या रक्तातून निघाले ते वय नव्हते. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंदावली होती. रोज सकाळी अनशापोटी एक गोळी, एवढाच त्यावर इलाज. काही महिन्यांत आवाज मोकळा झाला, स्वेटर कपाटात गेला, स्पृहाला ते नावाने हाक मारू लागले. मांजरीच्या केंद्राचा विषय पुन्हा निघाला नाही. डॉक्टरांना त्यांनी विचारले, "हे कधीपासून असेल?" डॉक्टर म्हणाले, "काही वर्षं तरी असावं."

त्या संध्याकाळी ते माझ्यात बसून रिपोर्टातले आकडे पुन्हा पुन्हा तपासत होते.

"बाबा, आम्हाला वाटलं वयामुळे..." अभिनव चाचरला.

"मलाही तेच वाटलं," ते म्हणाले, "आणि मी तर इन्स्पेक्टर होतो."

गोळीने आवाज परत आणला. बसून बसून झिजलेल्या पायांचे बळ मात्र पुरते परत आले नाही. तरीही ते आता रोज कठड्याला धरून जिना उतरतात. पहिल्या दिवशी अभिनव दारात आला, "तुम्ही ब—" म्हणाला, थांबला, आणि नुसताच बाजूला झाला.

मित्रांनो, मला फडक्याने पुसत जा, वेत सुटला तर विणून घ्या. माझी ही मागणी रास्त आहे. पण घरातले कोणी वरचेवर माझ्याकडे येऊ लागले, तर पाठीला उशी देण्याआधी त्याला विचारा, काय होते आहे आणि कधीपासून. तो "वय झालं" म्हणाला, तर तेवढ्यावर त्याला बसू देऊ नका.