केदारसाठी सहा किलो

बरखेड्याच्या त्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये भिंतीवर घड्याळ होतं, पण घर चालायचं ते अलकाच्या नवऱ्याच्या, हेमंतच्या शिफ्टवर. एक आठवडा पहिली पाळी, म्हणजे पहाटे पाचला डबा तयार. पुढच्या आठवड्यात दुसरी, म्हणजे सात वाजायच्या आत दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकून अलकाने शाळेत पळायचं. मग रात्रपाळी, म्हणजे हेमंत दिवसा झोपणार आणि बाकीच्यांनी मांजराच्या पावलांनी वावरायचं. ती संपली की पुन्हा पहिली. बावीस वर्षं अलका या चक्रात फिरत होती आणि तिची तक्रारही नव्हती. पण आता तिला रोजचा एक तास हवा होता, आणि तो कुठेच बसत नव्हता.

तास हवा होता केदारसाठी. केदार तिचा धाकटा भाऊ, बाग सेवनियात राहणारा, वय एकेचाळीस, दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्याची बायको श्रुती किडनी द्यायला निघाली, तर तिलाच मधुमेह निघाला. उरली अलका. तिचं सगळं जुळलं, फक्त वजन आडवं आलं.

"एकोणऐंशीवर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही," डॉक्टर म्हणाले होते. "सहा किलो उतरवा, दोन महिन्यांत. उपाशी राहून नाही, ते आम्हाला तपासणीत कळतं. रोज तासभर भरभर चाला."

अलकाला तेव्हा हसू आलं होतं. लोकांना भावासाठी काय काय करावं लागतं. तिला नुसतं चालायला सांगत होते.

पहिल्या पाळीचा आठवडा छान गेला. हेमंतची मोटरसायकल वळली की ही चपला घालून बाहेर. दुसऱ्या पाळीत पहाट स्वयंपाकात गेली आणि संध्याकाळ मुलीला, जुईला क्लासला ने-आण करण्यात. रात्रपाळीत तिने दुपारी खोलीतच जागच्या जागी उड्या मारून पाहिल्या. हेमंत डोळे न उघडता म्हणाला, "अगं, खालचे वर येतील. नाहीतर तू खाली जाशील." शेवटी ती शाळेच्या मधल्या सुट्टीत मैदानाला फेऱ्या मारू लागली, तर मुख्याध्यापिकांनी 'तुम्ही तिथे असताच' म्हणून मैदानावरची ड्युटी तिलाच लावली. म्हणजे एका जागी उभं राहून शिट्टी वाजवायची.

त्यात सासूबाईंना खरं सांगितलेलं नव्हतं. हेमंतने किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या समितीपुढे हो म्हणायचं कबूल केलं होतं, पण म्हणाला, "आईला शेवटी सांगू. ती आधी नाही म्हणाली तर मला मधे उभं राहता येणार नाही." म्हणून मनोरमाबाईंना सांगितलं होतं की अलकाची शुगर जरा काठावर आहे, म्हणून चालायचं.

मनोरमाबाईंनी ते मनावर घेतलं. साखर वर्ज्य ना, मग त्यांनी डिंक, मेथी, खारीक घालून बिनसाखरेचे लाडू वळले. तूप मोजायची त्या घरात पद्धत नव्हती. फिरून आलं की दोन लाडू, आणि त्या समोर बसून खाऊन होईपर्यंत उठायच्या नाहीत. "चालून अंगातली ताकद जाते गं. तुझं तोंड बघ, कसं उतरलंय." अलका खायची. काय सांगून नाही म्हणणार?

सहा आठवड्यांनी, रविवारी, ती सोनागिरीतल्या औषधाच्या दुकानाबाहेरच्या काट्यावर उभी राहिली. अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार. उतरून पुन्हा चढली, पर्स खाली ठेवून. तेवढंच. हातात एकोणीस दिवस आणि गेले होते सहाशे ग्रॅम.

ती तशीच स्कूटरवर केदारकडे गेली. तो पलंगावर बसून बर्फाचा खडा चघळत होता. दिवसाचं पाणी मोजून मिळायचं, त्यात बर्फ जास्त पुरतो म्हणे.

"किती?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं.

"वा. या वेगाने ताई, माझ्या साठीला ऑपरेशन होईल. पेढे तूच वाट."

"गप बस."

"नाही, खरंच. मी काल डॉक्टरांना विचारलं, हिचं नाही जमलं तर? म्हणाले, हृदय थकत चाललंय, फार थांबता यायचं नाही." त्याने खडा या गालातून त्या गालात फिरवला. "मी सांगतो त्यांना, ताईचं नाव काढा. तू स्वतःला एवढी पिळून घेऊ नकोस. तुला घर आहे."

"तुला नाही का घर?"

स्वयंपाकघरात श्रुती भांडी घासत होती, ती नळ बंद करून उभी राहिली. अलकाला एकदम ओरडावंसं वाटलं की मी आळशी नाही रे, मला कुणी तासभर मोकळं सोडलंच नाही. पण ज्याला पाणी मोजून मिळतं त्याच्यापुढे तासाचं रडगाणं कसं गायचं?

ती उठली, स्कूटरची किल्ली टेबलावर ठेवली आणि चालत निघाली. घरी पोचायला सव्वा तास लागला. पाय भरून आले होते, साडी पाठीला चिकटली होती. मनोरमाबाई लाडवांचा डबा घेऊन दारातच बसल्या होत्या.

"स्कूटर कुठंय?"

"आई, मला शुगर नाही," अलका म्हणाली, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

मनोरमाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. बराच वेळ त्या झाकणच दाबत राहिल्या.

"मला वेडीला लाडू वळायला लावलेत. सहा आठवडे."

"चुकलं आई."

"सांगितलं असतंस तर मी नाहीच म्हणाले असते. आताही नाहीच म्हणते. तुला काही झालं तर जुईचं कोण बघणार? मी? माझे गुडघे बघ."

हा प्रश्न अलका सहा आठवडे स्वतःच चुकवत आली होती. ती जमिनीवरच बसली. "मला माहीत नाही आई. पण केदारचं मला माहीत आहे. उद्यापासून मी रोज त्याच्याकडे चालत जाणार, तिथूनच शाळेत. स्वयंपाक माझ्याकडून होणार नाही. तुम्हाला झेपेल तेवढा करा, नाहीतर हे कँटीनमध्ये जेवतील."

"विचारते आहेस की सांगते आहेस?"

"सांगते आहे."

बावीस वर्षांत असं वाक्य त्या घरात झालं नव्हतं. मनोरमाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पाचला अलका निघाली तेव्हा ओट्यावर काहीच नव्हतं, आणि सासूबाईंच्या खोलीचं दार बंद होतं. हेमंत आरशापुढे भांग पाडत होता. "मी बघतो आईचं," म्हणाला. पण त्याला ते बघता येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

अलका शाळेत गणित शिकवायची. एकोणीस दिवसांत पाच किलो चारशे होत नाहीत, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण तीन उतरवून गेलं तर डॉक्टरांच्या पाया तरी पडता येईल. सहाशे ग्रॅमवर कुणाच्या पायाही पडता येत नाही.

कारखान्याच्या लांबलचक भिंतीकडेने ती पावलं भरभर टाकू लागली. पहिल्या पाळीला निघालेले लोक समोरून येत होते. हेमंतच्या वर्कशॉपमधल्या एकाने गाडी हळू केली.

"भाभीजी, इतनी सुबह? सब ठीक?"

"भाई के यहाँ जा रही हूँ," ती म्हणाली. थांबली मात्र नाही; थांबलं की दम जुळेपर्यंत वेळ जातो.